पकडीखालची बोटभर जागा

विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी चक्कीवर दळण घेऊन उभा होतो. माझ्या पुढे दोन डबे होते. फोनवर त्याचा पुतण्या होता. "काका, सकाळी छातीत दुखलं... दवाखान्यात न्यायलेही टाइम भेटला नाई," असं काहीतरी तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि फोन खिशात ठेवला. मग पुढचे दोन डबे होऊ दिले, आपला गहू टाकला, पीठ भरून घेतलं, जाडसर-बारीकवरून चक्कीवाल्याशी नेहमीचा वादही घातला. घरी येऊन डबा जागेवर ठेवला, हातपाय धुतले आणि मग बायकोला सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आन् तुमी दळण घेऊन आले?" 

आता सहा आठवडे होत आले. या सहा आठवड्यांत मला रडू आलेलं नाही. मोक्षधामावर मी लोकांच्या चपला सरळ लावत बसलो होतो. तेरवीला पंगतीत वाढलं, भाजीत मीठ कमी आहे हेही बोलून दाखवलं. दाढ काढल्यावर गाल कसा असतो, तसं आत झालं आहे. हात लावला तर गाल आपलाच, पण कळत काही नाही. पेपरच्या पुरवणीसाठी विनायकवर दोन शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हा मी लगेच होकार दिला, कारण गेलेल्या माणसाचं कौतुक लिहायला फारशी अक्कल लागत नाही. मेल्यावर सगळेच सज्जन होतात. विनायकची पंचाईत एवढीच, की तो आधीपासूनच होता. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं, मला कौतुक लिहायचंच नाही. मला एक गोष्ट सांगून टाकायची आहे, आणि ती जेवढी त्याची आहे त्याहून जास्त माझी आहे.

विनायक इंगोले वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात धातुशास्त्र शिकवायचा आणि मी त्याच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. तो फळ्यावर, मी यंत्रावर. तो आर्वीकडचा, रोहण्याचा, मी केळझरचा. मुलांसमोर मी त्याला सर म्हणायचो, मुलं गेली की विनायक. तो हळू बोलायचा, हळू जेवायचा, लुनासुद्धा इतकी हळू चालवायचा की पवनारच्या पुलावर सायकलवाले त्याच्या पुढे निघून जायचे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणतीही गोष्ट खरी मानायची नाही, हा त्याचा हेका. एकदा मी त्याला आमच्या गावच्या गणपतीला घेऊन गेलो, तर देवापेक्षा जास्त वेळ तो दाराच्या कडीपाशी उभा. "इतक्या लोकायच्या हातानं किती झिजली पाह्य," म्हणाला. मागे रांग खोळंबली होती आणि लोक मला बोल लावत होते.

या हेक्यामागे एक कारण होतं. त्याचे वडील आर्वीच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होते. कापूस दाबून त्याच्या गाठी करतात आणि वरून लोखंडी पट्ट्या आवळतात, त्या कामावर. विनायक लहान असताना अशी एक पट्टी ताणाखाली तुटली आणि वडिलांचा उजवा डोळा घेऊन गेली. सोबतचे लोक म्हणाले, पट्टी चांगली होती, आवाज नाही, काही नाही, एकदम गेली. बाबांना ते कधी पटलं नाही. त्यांचं आयुष्यभर एकच म्हणणं, "तुटाच्या आधी ते काही तरी सांगत असन ना रे? एवढं लोखंड मुकाट्यानं कसं तुटन?" विनायक शिकला, नोकरीला लागला, पीएचडीला नाव घातलं, पण विषय दुसऱ्या कोणी दिलेला नव्हता. वडिलांचा प्रश्नच त्याने इंग्रजीत लिहून दिला होता.

आपल्याला वाटतं, धातूची पट्टी ताणली की ती सगळीकडून सारखी लांब होते. तसं होत नाही. आधी एक जागा हार मानते, मग तिच्या शेजारची, मग पुढची. कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ओढून पाहा, तो एकाच ठिकाणी बारीक होत जातो. काही मिश्रधातूंत, ॲल्युमिनियमात मॅग्नेशियम मिसळलेलं असलं की, हे हार मानणं झटक्याझटक्यानं होतं आणि जिथे धातू हार मानतो तिथे तो किंचित तापतो. हाताला कळणार नाही इतका. ती ऊब चित्रासारखी दाखवणारा कॅमेरा असतो हे विनायकने वाचलं होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका हिवाळ्यात, खूप अर्जविनंत्या करून त्याने नागपूरहून तो कॅमेरा आठ दिवसांसाठी उसना मिळवला.

त्या काळच्या त्या कॅमेऱ्याचा डोळा गार ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागायचा. आता तो वर्ध्यात कुठून आणायचा? विनायक दोन दिवस विचार करत होता आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन थेट गुरांच्या दवाखान्यात गेला. तिथे वळूंचं रेत त्याच नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. डॉक्टर भला माणूस. त्याने आमची टाकी भरून दिली, पण जाताना न राहवून विचारलंच, "सर, कॉलेजात गाई पाळून राह्यले काय तुमी?" लुनावर आमच्या दोघांच्या मध्ये ती टाकी, तिच्या तोंडातून पांढरी वाफ, आणि विनायकचा तो वेग... रस्त्यावरची माणसं थांबून पाहत होती. मला लाज वाटत होती. विनायक मात्र नवरदेवासारखा ताठ बसला होता.

प्रयोगाची मांडणी अशी होती. यंत्रात पट्टी उभी धरलेली. समोर काळा पडदा, त्याच्या फटीतून कॅमेऱ्याचा डोळा बाहेर. पडद्याआड विनायक, टीव्हीसारख्या पडद्यावर चित्र पाहत. आमच्या अंगाची ऊब मध्ये येऊ नये म्हणून हा पडदा. मी मात्र यंत्रापाशी स्टुलावर, कारण यंत्र कोणीतरी चालवायला हवं. कॅमेऱ्यासाठी पट्टी पूर्ण काळी लागायची. का, ते विनायकने सांगितलं असणार, पण माझ्या कानावरून गेलं. बाजारातला रंग पट्टी ताणली की पापुद्र्यांनी सुटायचा. म्हणून आम्ही काजळी धरायचो. राकेलची चिमणी पेटवायची, पट्टी हातातल्या पकडीत धरून तिच्या धुरावर फिरवायची. जिथे पकड असते तिथे काजळी बसत नाही. म्हणून पट्टी निवू द्यायची, मग काळ्या टोकाने अलगद धरून राहिलेली जागा काळी करायची, पुन्हा निवू द्यायची. एका पट्टीला तासभर जायचा. हे काम माझं होतं आणि मी ते चोख करायचो. माझ्या हाताला यश आहे असं विनायक चारचौघांत सांगायचा, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

सहाव्या दिवशी टाकीचा तळ दिसायला लागला. गुरांच्या डॉक्टरकडचा साठाही संपला होता आणि पुढची गाडी कधी येईल ते त्यालाच ठाऊक नव्हतं. दहा-बारा पट्ट्या बाकी होत्या. विनायक पडद्याआडून सारखा म्हणायचा, "गुलाब, होऊ दे, होऊ दे लवकर." मी दुसऱ्यांदा काजळी धरणं सोडून दिलं. पट्टीच्या खालच्या टोकाला पकडीची बोटभर जागा तशीच चकचकीत राहायची. मी म्हटलं, बोटभरानं काय होतं. विनायकला सांगितलं नाही. तो पडद्यामागे होता, आणि पट्टी लावणारा मी, काढणारा मी, काढल्यावर पुसून मोजणाराही मीच.

त्याच दिवशी दुपारी पडद्याआडून त्याचा आवाज आला. "गुलाब... हालू नको. कोठंच जाऊ नको." झटका बसण्याच्या आधी, बरोबर आधी, पट्टीच्या खालच्या टोकाला एक उबदार डाग उमटत होता. झटका बसला की डाग नाहीसा. पुढच्या पट्टीवर तेच. त्याच्या पुढच्या पट्टीवर तेच. इतकी वर्षं यंत्र चालवून मला झटका केव्हा येणार याचा अंदाज यायचा, घरघर जरा जड व्हायची. आणि तसं झालं की मी काटा पाहायला पुढे वाकायचो. मी माझं काम करत होतो. त्या डागाचं मला काहीच ठाऊक नव्हतं. विनायक पडद्याबाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "सांगते ना बे," म्हणाला, "तुटाच्या आधी सांगते ते."

त्याने लेख लिहिला, तो परदेशी नियतकालिकात छापून आला, आणि शेवटी आभारात माझं नाव होतं. गुलाब ढोबळे. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव छापून आलं. मी त्या पानाच्या प्रती काढल्या. केळझरला दाखवल्या, सासुरवाडीला दाखवल्या, ज्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही त्यांनाही दाखवल्या. बोट ठेवून सांगायचो, हा मी.

विनायक रोहण्याला गेला आणि वडिलांना सांगून आला. मी सोबत होतो. म्हातारा ओसरीवर बसला होता. विनायकने त्यांना समजेल असं सगळं सांगितलं; आधी ऊब येते, मग तुटतं. बाबांनी ऐकून घेतलं.  मला वाटलं, आता म्हातारा खुश होईल. ते म्हणाले, "म्हंजे ते सांगत होतं. मलेच समजलं नाई." आणि उरलेला डोळा पुसला.  पुढच्या वर्षी बाबा वारले, ते तसंच समजून.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हे लिहीत बसलो नसतो. नवं शतक लागलं. पीएचडीसाठी तो प्रयोग पुन्हा करून पाहावा असं विनायकच्या मार्गदर्शकांनी सुचवलं आणि एक नवा कॅमेरा आला, हातात मावणारा, नायट्रोजन न लागणारा. सोबत कंपनीचा एक तरुण इंजिनिअर होता. या वेळी घाई नव्हती. पट्ट्या मी मन लावून दोन्ही टोकांपर्यंत काळ्या केल्या. आणि डाग काही येईना. तीन दिवस, एकही नाही.  चौथ्या दिवशी तो प्राचार्यांकडे गेला असताना त्या इंजिनिअरने मजा म्हणून कॅमेरा इकडेतिकडे फिरवायला सुरुवात केली. चहाचा ग्लास, बंद पंखा, माझा हात. मग जेवणाचा स्टीलचा डबा. डब्याचं झाकण टेबलावर उभं होतं आणि मी पाणी प्यायला वाकलो. चित्रात झाकणावर एक उबदार डाग उमटला. मी मागे झालो, डाग गेला. "काका, ते तुमचं तोंड आहे," इंजिनिअर हसून म्हणाला. "चकचकीत धातू कॅमेऱ्याले आरसा. म्हणून तर पट्टी काळी करा लागते."

मला त्या खेपेची बोटभर चकचकीत जागा आठवली, आणि काटा पाहायला पुढे वाकणारा मी. मी डब्याचं झाकण उचललं, लावलं, डबा पिशवीत ठेवला.

त्याच संध्याकाळी, सगळे गेल्यावर, विनायकने मला विचारलं. रागाने नाही, संशयाने नाही. सगळ्या शक्यता एकेक करून काढून टाकायच्या म्हणून. "गुलाब, त्या खेपेला पट्ट्या पूर्ण काळ्या होत्या ना रे? टोकापर्यंत?"

मी म्हटलं, "हो."

"झालं मग," तो म्हणाला. "तुया हाताचं असन तर तिथं पाहायचं कारण नाई."

का खोटं बोललो, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्या छापील पानावरच्या नावासाठी, असं मी पूर्वी म्हणायचो. आता तेही खरं वाटत नाही. तो विचारत होता आणि त्याला खात्री होती की मी हो म्हणणार, म्हणून हो आलं. बस. आणि एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नाही म्हणणं अवघड असतं, आणि दुसऱ्या वर्षी तर अशक्यच.

पुढची दोन वर्षं विनायक तो डाग शोधत होता. यंत्र खोललं, जोडलं. जुन्या पट्ट्यांचा धातू वेगळा होता का ते पाहिलं. तेव्हा थंडी जास्त होती का, ते पाहिलं. रविवारीसुद्धा तो प्रयोगशाळेत असायचा, आणि मी त्याला पाने-पेचकस काढून देत त्याच्याजवळ बसायचो. काय बसायचो मी... आज लिहितानाही मला माझा संताप येतो. शेवटी त्याने त्या नियतकालिकाला चार ओळींचं पत्र लिहिलं. आधी दिसलेली गोष्ट पुन्हा दिसली नाही, कारण सापडलं नाही, तरी कोणी ती धरून चालू नये. पीएचडीतलं ते प्रकरण गळालं आणि पदवी मिळेतो केस पांढरे झाले. स्टाफरूममध्ये एकजण म्हणालाही, "काय इंगोले सर, लोखंड काही बोललं का?" विनायक त्याच्यासोबत हसला. मीही हसलो असेन.

शेवटची भेट त्याच्या जाण्याआधी तीन आठवडे झाली. मी निवृत्त झालो होतो, सहज कॉलेजात गेलो होतो. तो मला बसपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "गुलाब, यंदा हिवाळ्यात अजून एक खेप पाहू. तू येजो. तू असला की दिसते ते." मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. माझ्या ओठावर आलं होतं, अगदी पहिला शब्द आला होता. तेवढ्यात बस लागली आणि मी चढलो. दुसरी बस अर्ध्या तासाने होती.

गेल्या रविवारी मी मंदावहिनींकडे गेलो. विनायकच्या बायकोचं आणि माझं बोलणं एरवी चहापाण्यापुरतंच. समोरच्या खोलीत त्याचा फोटो, हार घातलेला, आणि शेजारी आणखी एक चौकट. निळ्या-हिरव्या रंगाची उभी पट्टी, खालच्या टोकाला पिवळा-तांबडा डाग. त्या पहिल्या खेपेचं चित्र. "यायच्या कपाटात सापडलं," वहिनी म्हणाल्या. "हे घेऊन घरी आलते त्या दिवशी जेवले नवते, इतके खुश होते. म्हटलं, फोटो तर सगळेच लावते." तिलाही हार घातला होता.

मी बसलो आणि सगळं सांगितलं. पकड, काजळी, बोटभर जागा, डबा, आणि तो हो.  बँकेत अर्ज वाचून दाखवावा तसं सांगितलं.  झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "दोन वर्सं ते मशीन खोलून बसत, जेवाचं भान नसे त्यायले. तवा काऊन नाई सांगतलं भाऊजी?"  मी खाली पाहत बसलो. आता त्या चित्र काढून ठेवतील असं मला वाटलं, आणि काढावं असंही वाटत होतं.

त्या उठल्या, चौकटीजवळ गेल्या. हार बाजूला सारला आणि त्या डागावर बोट ठेवलं. एकदा माहीत झालं की त्यात कपाळ कळतं, नाकाचा शेंडाही कळतो.

"म्हंजे हे तुमी आहा?"

"हो."

"आन् हे कोठी होते तवा?"

"पडद्यामागं."

"काय करून राह्यले होते?"

"पाहत होता. पापणी न हलवता पाहत होता तो याच्याकडं."

 वहिनींनी हार पुन्हा नीट केला आणि माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "म्हंजे तुमच्याकडंच पाहून राह्यले होते."

मी हो म्हटलं.